टेबलावरची लढाई : ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेम मंडळात कसा खेळावा

ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेम म्हणजे प्रत्यक्ष घडलेली, किंवा त्या काळी घडू शकली असती अशी लढाई रंगवलेले छोटे सैनिक, मोजपट्टी, फासे आणि लेखी नियम यांच्या साहाय्याने टेबलावर दोन बाजूंनी लढणे. बुद्धिबळाच्या पटावर घरे ठरलेली असतात आणि घोड्याची चाल कधी चुकत नाही. येथे घरे नसतात, प्रत्येक अंतर टेपने मोजावे लागते आणि दिलेला हुकूम तुकडीपर्यंत वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा आणि फासे वापरून लष्करी अधिकाऱ्यांना शिकवण्याच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले, आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातले सैनिक घेऊन घरी खेळण्याचे नियम छापले. आजच्या खेळात या दोघांचाही वारसा दिसतो.

सोलापुरातील एखाद्या मंडळात रविवारी सकाळी पहिल्यांदाच येणाऱ्या माणसासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरणे मुद्दाम आपल्याच गावच्या १८१८ च्या लढाईतून घेतली आहेत, कारण ज्या जमिनीवरून आपण रोज जातो तिच्यावरची लढाई समजायला सोपी जाते. या खेळातील प्रत्येक नियम हे त्या काळच्या युद्धाविषयी केलेले एक विधान असते, ही गोष्ट मात्र खेळाडूने सुरुवातीपासूनच ध्यानात ठेवावी. तोफेचा मारा किती इंचांपर्यंत पोहोचतो, फटका बसलेली पलटण किती मागे हटते, एका फेरीत सेनापतीला किती हुकूम देता येतात, हे आकडे कोणीतरी इतिहास वाचून ठरवलेले असतात. त्यांमागचे कारण समजून घेऊन जो खेळतो त्याला हरल्यावरही लढाई कळते.

पहिला रविवार

पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊन येऊ नये. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेला सुतारी टेप, चार-सहा साधे फासे आणि एक पेन्सिल एवढे जवळ असले तरी पुरते, आणि तेही नसले तर मंडळात कोणी ना कोणी देतो. सुरुवातीचा एखादा डाव नुसता बाजूला उभे राहून पाहावा. त्यानंतर स्वतंत्र बाजू न मागता मोठ्या बाजूतील दोन-तीन तुकड्यांचे नेतृत्व मागून घ्यावे. अशा वेळी आपल्या बाजूचा मुख्य सेनापती अनुभवी असतो, तो कोणत्या तुकडीने काय साधायचे ते सांगतो, आणि नवख्याला ‘कसे’ एवढाच विचार करावा लागतो. नियम आधी पाठ करून येण्याची गरज नाही. फेरीचा क्रम तेवढा कागदावर लिहून समोर ठेवावा, बाकीचे खेळता खेळता बसते.

मंडळात शाळकरी मुलापासून निवृत्त गृहस्थांपर्यंत सर्व वयाची माणसे असतात. समोर बसलेल्या काकांना आपण एरवी ज्या आदराने बोलतो त्याच आदराने टेबलावरही बोलावे, आणि काकांनीही समोरच्या मुलाने नियम दाखवून दिला तर तो मान्य करावा. टेबलाशी वयाचा मान बोलण्यात असतो, निर्णयात नसतो. वादाचा निर्णय पंचाने द्यायचा असतो.

लढाई कोणती निवडावी

मराठी माणसाला या खेळाविषयी सांगितले की पहिला प्रश्न पानिपतचा येतो. ही ओढ मला फार मोलाची वाटते, तरीही नव्या खेळाडूने १४ जानेवारी १७६१ पासून सुरुवात करू नये. टेबलावरील एक सैनिक म्हणजे २५ माणसे असे प्रमाण धरले, तरी ४० हजारांच्या एका फौजेसाठी १६०० सैनिक रंगवावे लागतात, आणि काही किलोमीटरांची आघाडी सहा फुटी टेबलावर बसत नाही. मोठ्या लढाईचा एखादा तुकडा, किंवा मुळातच आटोपशीर अशी लढाई निवडावी, जिच्यात प्रत्येक बाजूला पाच-सहा तुकड्या आणि एकच खरा पेच असेल.

सोलापूरची लढाई त्या दृष्टीने उत्तम आहे. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रो इंग्रजांची फौज घेऊन सोलापूरसमोर आला, तेव्हा किल्ला आणि पेठ पेशव्यांच्या बाजूच्या लोकांच्या ताब्यात होती आणि गणपतराव पानसे यांची फौज व तोफा किल्ल्याजवळ होत्या. १० मे रोजी पेठेच्या तटावर शिड्या लावून इंग्रजांची चढाई चालू असताना पानशांनी आपली जागा सोडली, पेठेच्या पूर्वेकडून वळसा घातला आणि मन्रोच्या राखीव फौजेवर तोफा डागल्या. अखेर संगिनींच्या हल्ल्याने त्यांना मागे हटावे लागले, आणि १५ मे रोजी किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या लढाईची हकिकत आहे. मांडणी करण्यापूर्वी ती वाचावी, आणि मग एकदा भुईकोट किल्ल्याला चालत फेरी मारावी. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी अंगांना खंदक आणि आत दुहेरी तट हे पाहिल्यावर, मन्रोने किल्ल्याला थेट न भिडता आधी पेठ का घेतली, ते पायांना समजते.

टेबलासाठी संपूर्ण दिवस घेण्याचे कारण नाही. पेठेवरची चढाई टेबलाच्या कडेला चालू आहे असे गृहीत धरावे आणि पानशांचा वळसा व राखीव फौज एवढाच प्रसंग खेळावा. आमच्या मांडणीत पानशांकडे तोफांचे तीन बेस (सैनिक किंवा तोफ ज्यावर चिकटवतात ती छोटी चपटी पट्टी म्हणजे बेस), अरबांच्या दोन तुकड्या आणि दोन रिसाले, म्हणजे घोडदळाच्या तुकड्या, असतात. मन्रोकडे तीन पलटणी, एक रिसाला आणि तोफेचा एक बेस असतो. ही संख्या टेबलाच्या सोयीसाठी ठरवलेली आहे, त्या दिवशीची हजेरी म्हणून ती कोणी घेऊ नये. जिंकण्याची अट केवळ समोरची माणसे मारण्याची नसावी. आठव्या फेरीपर्यंत राखीव फौजेतील एक जरी पलटण मोडली, किंवा पेठेत लढणाऱ्यांपैकी एक पलटण मदतीसाठी परत बोलावणे मन्रोला भाग पडले, तर पानशांचा उद्देश सफल होतो. तीन तोफांपैकी दोन गमावल्या तर तो फसतो. अशी अट असली की दोन्ही सेनापतींना त्या दिवशीचाच पेच सोडवावा लागतो.

येथे एक मत स्पष्टपणे मांडावेसे वाटते. इतिहासातला प्रत्येक प्रसंग टेबलावर आणण्याजोगा नसतो. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि त्यानंतर फासावर गेलेले चार हुतात्मे हा आपल्या शहराच्या अभिमानाचा विषय आहे. निःशस्त्र लोकांवर चाललेल्या गोळ्यांचा डाव मांडू नये. दोन सशस्त्र फौजा, दोन सेनापती आणि दोघांनाही निवडीची मोकळीक, एवढे असेल तेथेच हा खेळ शोभतो.

प्रमाण

नवा खेळाडू सर्वांत जास्त दुर्लक्ष करतो ते प्रमाणाकडे, आणि पुढचे बहुतेक वाद तेथूनच उगवतात. म्हणून हा हिशेब थोडा सविस्तर पाहू.

आम्ही १५ मिलिमीटर उंचीचे सैनिक वापरतो आणि जमिनीवर एक इंच म्हणजे २५ मीटर धरतो. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबल मग १८०० मीटर बाय १२०० मीटरचे रणांगण होते. पलटणीत ६०० माणसे धरली आणि ती दोन रांगांच्या फळीत उभी केली, तर एका रांगेत ३०० माणसे येतात, आणि खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला सुमारे अर्धा मीटर जागा लागते; म्हणजे फळीची लांबी दीडशे ते पावणेदोनशे मीटर झाली. टेबलावर ४० मिलिमीटर रुंदीचे चार बेस शेजारी शेजारी ठेवले की १६० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांहून थोडे अधिक, आणि २५ ने गुणल्यावर सुमारे १५७ मीटर होतात. प्रत्येक बेसवर सहा सैनिक लावले तर पलटणीत २४ सैनिक येतात आणि एक सैनिक २५ माणसांच्या जागी उभा राहतो. स्वाराला अधिक जागा लागत असल्याने तेवढ्याच बेसवर तीनच घोडे बसवावेत. तोफेचा एक बेस म्हणजे दोन-तीन तोफा समजाव्यात; खेळताना मात्र त्या बेसलाच एक ‘तोफ’ म्हणतात.

हे गणित लांबीत जमते, खोलीत जमत नाही. बेसची खोली एक इंच असते, म्हणजे जमिनीवर २५ मीटर, आणि दोन रांगांची खरी फळी दोन-तीन मीटरांहून खोल नसते. त्यामुळे पलटणीची पाठ नेमकी कोठे संपते यावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. सर्व अंतरे बेसच्या पुढच्या कडेपासून मोजावीत असा नियम आधीच करून ठेवावा. घरांचेही तसेच असते. १५ मिलिमीटरच्या सैनिकाला शोभतील अशी चार घरे टेबलावर ठेवली की त्यांनी सबंध वस्तीची जागा व्यापलेली असते. म्हणून वस्तीची हद्द दाखवणारा कापडाचा तुकडा खाली अंथरावा आणि घरे हलवता येतील अशी सुटी ठेवावीत.

वेळेचेही प्रमाण लागते. एक फेरी म्हणजे साधारण पाच मिनिटे मानली जाते, आणि तेवढ्या वेळात स्तंभात, म्हणजे एकामागे एक अशा अरुंद रांगांत, चालणारे पायदळ सहा इंच, म्हणजे १५० मीटर जाते. माणूस पाच मिनिटांत याच्या दुप्पट सहज चालतो, मग नियम चुकला काय? चुकलेला नाही. हुकूम येईपर्यंत थांबणे, ओढा उतरणे, वाकडी झालेली फळी सरळ करणे यांत जो वेळ जातो तो नियमाने आधीच वजा केलेला असतो.

सैनिक, कापड आणि जमीन

ज्याने लहानपणी दिवाळीचा किल्ला केला आहे त्याला या खेळातील निम्मे काम येते. ओली माती थापून बुरूज करणे, अळीव पेरून हिरवळ उगवणे, तटावर मावळे लावणे हे सर्व येथेही उपयोगी पडते. मात्र बाजारात मिळणारे दिवाळीचे मावळे या टेबलासाठी फार मोठे आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या मापाचे असतात. परदेशातून धातूचे सैनिक मागवले तर टपाल आणि जकात यांमुळे किंमत बरीच वाढते, म्हणून सुरुवात जाड कागदावर छापून कापलेल्या सैनिकांनी करावी. त्यांच्यावर खेळ अगदी व्यवस्थित शिकता येतो. पुढे थ्रीडी प्रिंटरवर काढलेले सैनिक घ्यावेत. बेस तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) असावेत. नावाच्या पाट्या आणि स्मृतिचिन्हे लेझरवर कापून देणाऱ्या दुकानात ते एकसारख्या मापाचे कापून मिळतात.

रंगकामात हवामानाकडे लक्ष द्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि भर दुपारी गच्चीवर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, फवारा मारला की रंगाचे कण सैनिकापर्यंत पोहोचण्यापूर्वी हवेतच वाळतात व पृष्ठभाग खरखरीत होतो. हे काम सकाळी लवकर उरकावे. प्रायमर वाळला की अंगरखा, कातडी, बंदूक असे एकेक रंग सर्व सैनिकांवर क्रमाने द्यावेत, आणि शेवटी पाणी घालून अगदी पातळ केलेला गडद तपकिरी रंग सर्वांगावर फिरवावा. तो घड्यांत उतरून थांबतो, उंचवट्यांवरून निघून जातो, आणि दोन हातांवरून पाहिले असता चेहरा व कपडे उठून दिसतात. कंपनीच्या शिपायांचे डगले लाल असल्याने ती पलटण लवकर रंगवून होते. मराठी स्वारांना एकच गणवेश नव्हता. त्यांची पागोटी आणि अंगरखे वेगवेगळ्या रंगांत, एकेक करून रंगवावे लागतात. हा वेळ सत्कारणी लागतो, कारण एकाच रंगात बुडवलेला रिसाला टेबलावर परका दिसतो. बेसवर पातळ फेविकॉल लावून चाळलेली वाळू टाकावी आणि ती आपल्याकडच्या काळ्या जमिनीसारख्या गडद तपकिरी रंगाने रंगवावी. परदेशी पुस्तकांतील चित्रे पाहून मे महिन्यातल्या सोलापूरला हिरवेगार गवत लावण्याचा मोह आवरावा.

जमिनीसाठी फार खर्च करू नये. चाटी गल्लीत मातकट रंगाचे साधे सुती कापड टेबलाच्या मापाचे घ्यावे, आणि चढ दाखवण्यासाठी त्याखाली घडी घातलेली सोलापुरी चादर सरकवावी. चादर जाड असल्याने घडीच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात आणि सैनिक घसरत नाहीत. सुक्या काटक्यांना रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवला की बाभळी होतात. किल्ल्याचा तट पुठ्ठ्याचा करावा, आणि या मांडणीत तो टेबलाच्या कडेलाच येत असल्याने त्याची एकच बाजू पुरते.

फेरी कशी खेळावी

प्रत्येक फेरीचा क्रम हुकूम, हालचाल, मारा, हातघाई आणि धीर असा असतो. सेनापती एक फासा टाकतो. जितके दान पडेल तितके हुकूम त्याला त्या फेरीत देता येतात. त्याच्यापासून १२ इंचांच्या आतील तुकडीला एक हुकूम लागतो आणि त्यापलीकडच्या तुकडीला दोन, कारण तेथे स्वार पाठवावा लागतो. स्तंभातले पायदळ सहा इंच, फळीतले चार इंच आणि स्वार दहा इंच जातात. बंदुकीचा मारा चार इंच, म्हणजे १०० मीटर. तोफेचा छऱ्यांचा मारा १२ इंच आणि गोळ्याचा ३२ इंच. बंदुकीला दर बेसमागे एक फासा मिळतो आणि ५ किंवा ६ पडल्यास फटका बसतो. तोफेला गोळ्यासाठी दोन फासे मिळतात व ६ लागतात, छऱ्यांसाठी तीन फासे मिळतात व ५ किंवा ६ चालतात. सरासरी काढली तर गोळ्याचा एका फेरीत एक तृतीयांश फटका होतो आणि छऱ्यांचा पुरा एक, म्हणजे १२ इंचांची ती रेषा ओलांडताच तोफ तिप्पट घातक होते. चार फटके बसलेली तुकडी टेबलावरून उचलावी.

एक फेरी जवळून पाहू. मन्रोच्या खेळाडूला दान पडले दोन. त्याला तिन्ही पलटणी एकदम पुढे न्यायच्या होत्या. आता एक मागे राहणार. तो हात लावण्यापूर्वी मोठ्याने सांगतो : “डाव्या दोन पलटणी फळीतच पुढे घेतो, पण पूर्वेकडच्या तोफेपासून १२ इंचांच्या बाहेर थांबवतो.” पानशांचा खेळाडू टेप धरतो, दोघेही पाहतात, साडेबारा इंच भरतात, आणि तो म्हणतो, “ठीक, बाहेर आहात.” पुढे कोणाचा कोपर लागून बेस सरकला आणि पुन्हा मोजल्यावर पावणेबारा भरले, तरी पलटण बाहेरच आहे, ठरले ते ठरले. हेतू आधी बोलून दाखवण्याची ही सवय सर्व नियमांहून महत्त्वाची मानावी, कारण मिलिमीटरांवरून होणारी भांडणे तिने मुळातच संपतात आणि लढाई सेनापतींच्या निर्णयांवर चालते.

आता पानशांच्या तिन्ही तोफा गोळे टाकतात : सहा फासे, त्यांत एक ६. पहिल्या पलटणीला एक फटका बसला म्हणून तिच्या धीराची परीक्षा होते. दोन फासे टाकून त्या बेरजेतून बसलेल्या फटक्यांची संख्या वजा करायची, आणि साधारण पलटणीला निदान सहा, कसलेल्या पलटणीला पाच व नवशिक्या तुकडीला आठ यावे लागतात. आपल्या पलटणीला एक फटका आहे, म्हणजे फाशांवर सात हवेत. ३६ पैकी २१ शक्यतांत ती टिकते. येथे पडले तीन आणि दोन. पलटण चार इंच मागे गेली, आणि दुसरी एकटीच तोफांसमोर उघडी उभी राहिली. पुढच्या फेरीत मन्रोला तिला मागे घ्यायची, की मागे हटलेल्या पलटणीला सावरायचे, की उरलेली तिसरी पुढे काढायची हे ठरवावे लागेल, आणि हुकूम किती मिळतील ते फाशावर आहे.

संगिनीने तोफा घ्यायच्या तर कोणत्या रचनेत जावे, याचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. फळी चार इंच जाते, म्हणून १२ इंचांचा छऱ्यांचा पट्टा ओलांडताना तिला तीन फेऱ्या मारा सोसावा लागतो आणि एका तोफेचे सरासरी तीन फटके बसतात. स्तंभ दोनच फेऱ्यांत पोहोचतो, परंतु छर्रे त्याच्या खोलीत शिरत असल्याने तोफेला एक फासा जास्त मिळतो. दोन फेऱ्यांत आठ फासे, म्हणजे पावणेतीनाच्या आसपास फटके. स्तंभ जरा कमी सोसतो, फळी पोहोचल्यावर गोळी झाडू शकते. तीन तोफांसमोर मात्र एकटी पलटण दोन्ही रचनांत मोडते. त्यामुळे मन्रोच्या खेळाडूने तोफांचे लक्ष विभागावे : रिसाला बाजूने पाठवावा, स्वतःच्या तोफेने मारा करत राहावे, आणि दोन पलटणी एकाच फेरीत भिडवाव्यात. पानशांच्या खेळाडूने तोफा सोडून पुढे धावू नये. त्याचे दोन रिसाले हे तोफांचे रक्षण करण्यासाठी आहेत, समोरच्या फळीवर आदळण्यासाठी नाहीत.

नियमांकडे कसे पाहावे

बाजारात मिळणारे बहुतेक नियम युरोपातील लढाया समोर ठेवून लिहिलेले असतात, आणि त्यांत मराठी स्वार अनेकदा ‘अनियमित, दुय्यम’ अशा एका ओळीत संपतात. ही गोष्ट मला मनापासून खटकते. आमनेसामने फळ्यांवर धडकणे हीच लढाई मानली तर ती प्रतवारी बरोबर ठरेल; परंतु १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावांनी निजामाला गाठले ते त्याच्या जड तोफखान्याशी झुंजून नव्हे, तर वेगाने हालचाली करून, त्याची रसद आणि पाणी तोडून. अशा मोहिमेची मांडणी करताना पाणवठा, उतार आणि रसदेच्या गाड्या यांना गुण द्यावेत. मग हलक्या स्वारांची खरी किंमत टेबलावर दिसते, आणि त्यासाठी त्यांच्या लढाईचे आकडे फुगवावे लागत नाहीत.

इतिहासातील एखादी नोंद नियम कसा घडवते याचे सुंदर उदाहरण असईच्या लढाईत आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांचे गोलंदाज इंग्रजांची फळी अंगावरून जाईपर्यंत मेल्यासारखे पडून राहिले आणि मग उठून त्यांनी त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर डागल्या. म्हणून आमच्या मंडळात, तोफेवरून पुढे गेलेल्या पलटणीने तेथे एक बेस पहाऱ्याला ठेवला नाही, तर पुढच्या फेरीत ५ किंवा ६ पडल्यास ती तोफ पुन्हा जिवंत होते. अशी दुरुस्ती डाव सुरू होण्यापूर्वी सुचवावी, तिच्यामागचा पुरावा सांगावा, आणि दोन्ही बाजू राजी असतील तरच घ्यावी. डाव चालू असताना नवा नियम आणू नये. काही अडलेच आणि पंच जवळ नसेल, तर दोघांनी एक फासा टाकून पुढे जावे आणि चर्चा नंतर करावी.

टेबलाची रीत

सैनिक नेहमी बेसला धरून उचलावा, भाल्याला किंवा डोक्याला धरू नये. दुसऱ्याच्या सैनिकाला विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण एकेका रिसाल्यामागे त्याने कित्येक संध्याकाळी घातलेल्या असतात. फासे एका उथळ डब्यात टाकावेत, तिरका अडकलेला फासा पुन्हा टाकावा, आणि समोरच्याने पाहिल्याशिवाय उचलू नये. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि चहा यांसाठी वेगळे टेबल ठेवावे. तेलकट बोटांनी रंग खराब होतो. खेळताना घाई करू नये, पण आपली पाळी आल्यावर विचार सुरू करण्याऐवजी समोरचा खेळत असतानाच आपले हुकूम ठरवून ठेवावेत, म्हणजे आठ फेऱ्यांचा डाव एका सकाळीत संपतो.

सोलापूरची लढाई मांडली की इंग्रजांची बाजू कोणी घ्यायची, असा प्रश्न येतो. ती चिठ्ठी टाकून ठरवावी आणि जमल्यास त्याच दिवशी, नाहीतर पुढच्या रविवारी बाजू बदलून तोच डाव पुन्हा खेळावा. मन्रोच्या जागी बसल्यावर पेठेतली चढाई अर्धी सोडून देण्याची धास्ती किती मोठी होती ते कळते, आणि मगच पानशांनी वळसा घालण्यासाठी निवडलेल्या वेळेचे मोल पुरते ध्यानात येते. प्रतिस्पर्धी इंग्रज म्हणून खेळतो म्हणून त्याला टोमणे मारू नयेत, आणि कोणाच्याही समाजाचा किंवा घराण्याचा उद्धार टेबलावर होऊ देऊ नये.

डाव संपल्यावर सैनिक लगेच डब्यात भरू नयेत. शेवटची स्थिती मोबाइलवर टिपून घ्यावी आणि कोणत्या फेरीत कोणता हुकूम उशिरा गेला, धीर कोठे सुटला हे दोघांनी मिळून वहीत लिहावे. त्यानंतर खऱ्या लढाईत काय घडले ते पुन्हा वाचून आपल्या डावाशी ताडून पाहावे, आणि जेथे फार मोठी तफावत दिसेल तेथे चूक खेळण्याची होती की नियमाची, हे तपासावे. सैनिक खणांच्या डब्यात उभे ठेवावेत, आणि उन्हाळ्यात तो डबा गाडीच्या डिकीत किंवा खिडकीपाशी विसरू नये, कारण थ्रीडी प्रिंटचे भाले तेवढ्या उष्णतेने वाकतात. वाकलेच, तर गरम पाण्यात धरून सरळ करावेत आणि लगेच थंड पाण्यात बुडवावेत.